भट्टीच्या आधी

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली सुरू केला. पुढे गल्लोगल्ली माग लागले आणि कित्येक पिढ्यांचं पोट त्या खडखडाटावर भरलं. आता रॅपिअर, एअरजेट असे नवे माग आले. साधे धोट्याचे माग परवडेनासे झाले आणि शेडच्या शेड मोकळ्या होऊ लागल्या. असा माग विकला जातो तो किलोवर. घण घालून बिडाच्या चौकटी फोडतात, शाफ्ट उपसून काढतात, काट्यावर वजन होतं आणि माल फाउंड्रीच्या वाटेला लागतो. दर खंडेनवमीला ज्याची पूजा केली, ज्याला झेंडूची माळ घातली, तो माग एका दुपारी ट्रकमध्ये चढतो.

अशा भंगारातून मी शिल्पं करते. माणसाची, प्राण्याची, देवाची नव्हेत. नुसत्या आकारांची, अमूर्त. ती पाहायला आलेले लोक बहुतेक वेळा म्हणतात, ‘टाकाऊतून टिकाऊ! पर्यावरणाचं मोठं काम करताय.’ हे कौतुक मला घेता येत नाही, कारण लोखंड टाकाऊ नसतंच. चुंबकाने ते कचऱ्यातून वेगळं काढता येतं, कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येतं. हातगाडीवाल्या भंगारवाल्यापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांपर्यंत त्याची साखळी पक्की आहे. मी हात लावला नाही तरी हा धातू वाया जाणार नाही.

वाया जातो तो आकार. कुणीतरी विचार करून आखलेला, कुणीतरी घडवलेला, आणि पुढे वर्षानुवर्षांच्या कामाने घासून गुळगुळीत झालेला आकार. क्रँकशाफ्टचा बाक असो की धागा उचलणाऱ्या टॅपेटचा वळसा, भट्टीत सगळ्याचा एकच रस होतो. धातू वाचतो आणि त्याने केलेल्या कामाची खूण पुसली जाते. माझं सगळं काम भट्टीच्या आधीच्या त्या थोड्या वेळात चालतं.

मी कोल्हापुरात शिल्पकला शिकले. कोल्हापूर पुतळ्यांचं गाव. बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री यांच्या नावाने इथली परंपरा सांगितली जाते आणि ती शिकताना हात शाडूत, मेणात, प्लास्टरमध्ये बुडालेले असतात. मातीचा गुण असा की ती म्हणाल तशी वळते. तिचं स्वतःचं म्हणणं फारसं नसतं. मला मात्र आधीच काहीतरी होऊन आलेली वस्तू खुणावत होती. उद्यमनगरातून जाता-येता दुकानांच्या दाराशी पडलेले ऑइल इंजिनांचे जुने भाग दिसायचे. चाकं, दांडे, चकत्या. त्यांच्यात ताण होता, दिशा होती, वजन होतं. मातीत जे मी महिनोन्‌महिने शोधत होते ते तिथे तेलकट होऊन पडलेलं होतं.

वेल्डिंग शिकायला उद्यमनगरातल्याच एका शेडमध्ये गेले. गेट, ग्रिल, जिने करणारी शेड. तिथल्या वयस्कर वेल्डरना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले.

“शिकून काय करणार ताई?”

“शिल्पं करायचीत, मामा.”

“म्हंजे गणपती?”

“नाही. नुसते आकार.”

मामा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आधी सरळ रेघ मारायला शिका. आकार मागनं.”

त्या वाक्यावर माझं पुढचं सगळं शिक्षण उभं आहे. दहा नंबरचा रॉड, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीचा, होल्डरमध्ये धरायचा, काचेआडून त्या हिरवट उजेडात वितळलेल्या धातूचं डबकं बघायचं आणि ते डबकं एका चालीने पुढे न्यायचं. रॉड फार लांब धरला तर ठिणग्या उडतात आणि जोड पोकळ राहतो. फार जवळ नेला तर चिकटून बसतो. मधलं अंतर डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. भजी तळताना येतो तसा सलग, एकसुरी आवाज यायला लागला की मामा मान न वळवता म्हणायचे, “हां, आता बसला.”

दुसरा धडा धातू ओळखण्याचा. भंगारात कुठलाही तुकडा आपलं प्रमाणपत्र घेऊन येत नाही. त्यासाठी ठिणग्या वाचाव्या लागतात. ग्राइंडरच्या चाकावर साधं माइल्ड स्टील टेकवलं की लांब, पिवळसर, सरळ रेघा उडतात. ट्रकच्या कमानपाट्यासारख्या जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुटतात, त्यांना फांद्या फुटतात, फुलं येतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि काळपट लाल असतात. हातोडीने वाजवलं तर पोलाद घुमतं आणि बीड बद्द वाजतं. हे ज्ञान पुस्तकात आहेच, पण हाताला आणि कानाला ते शेडमध्येच येतं.

आणि ते नसेल तर काम मोडतं. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे जोड निमूट बसतो. बेअरिंगच्या पोलादात तो एक टक्क्याच्या घरात जातो. असा तुकडा जोडून तसाच उघड्यावर गार होऊ दिला तर जोडाच्या शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो आणि तडकतो. म्हणून तो आधी गरम करायचा आणि जोड झाल्यावर कोरड्या राखेत नाहीतर चुन्यात पुरून सावकाश निववायचा. बिडात तर कार्बन दोन ते चार टक्के. मागाची चौकट, गिअर, टॅपेट हे सगळं बहुतेक बीडच. “ह्याला साधा रॉड धरत न्हाई,” मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. निकेलचा महागडा रॉड वापरता येतो, पितळेने ब्रेझिंग करता येतं. मी बहुतेक वेळा भोक पाडून, आटे काढून बोल्टने आवळते. जोड लपवत नाही. कशाला काय धरतं आणि काय धरत नाही, हे शिल्पात दिसलेलं मला आवडतं.

ज्या गोदामातून मी माल घेते तिथले चाचा मला आता ओळखतात. त्यांचा हिशेब सोपा आहे. फाउंड्री देईल त्याहून किलोमागे थोडं जास्त द्यायचं आणि हवं ते निवडायचं. काट्यावर सुंदर आणि कुरूप यांचा भाव एकच असतो, हे मला तिथे फार शिकवून गेलं. निवड पूर्णपणे माझी, किंमत तिला आधार देत नाही.

मी ढिगाकडे चार गोष्टी शोधत जाते. पहिली रेषा. शाफ्ट, सळया, दांडे. दुसरी पृष्ठभाग, आणि त्यात सगळ्यात जवळची म्हणजे प्रेस शॉपमधली जाळी. पत्र्यातून वॉशर किंवा चकत्या छापून काढल्या की मागे उरणारा सांगाडा. त्यातली गोल भोकं म्हणजे निघून गेलेल्या वस्तू. त्या कुठल्यातरी गाडीत, पंपात बसून फिरताहेत आणि त्यांची जागा इथे राहिली आहे. तिसरी गोष्ट घनता, जी गिअरमध्ये किंवा ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये मिळते. चौथी वळण. मागाच्या टॅपेटइतकं चांगलं वळण मला दुसरीकडे मिळालेलं नाही. धागा तुटू न देता उचलायचा, थोडा थांबवायचा आणि पुन्हा खाली आणायचा, एवढ्यासाठी कुणीतरी ती कड आखलेली असते. ती सजावटीसाठी काढलेली नाही म्हणूनच ती इतकी शुद्ध आहे.

नट-बोल्टचा मोर, स्पार्क प्लगचा माणूस, साखळीचा घोडा असं काम भंगारातून पुष्कळ होतं आणि त्यात कौशल्यही असतं. मी तिकडे गेले नाही, कारण मोर दिसला की मोरच दिसतो. नट नट राहत नाही, तो पिसाऱ्यातला डोळा होतो. बघणारा ओळख पटल्याच्या आनंदात पुढे निघून जातो आणि त्या तुकड्याचा स्वतःचा आकार, त्याची झीज, त्याचं वजन हे सगळं नजरेआड होतं. मला वाचवायचा असतो तो आकारच जर दुसऱ्या कशाचा तरी वेश घेणार असेल, तर भट्टीत गेला काय आणि मोरात गेला काय, फरक थोडाच.

एका शिल्पाबद्दल नीट सांगते. साध्या मागात वर क्रँकशाफ्ट असतो, त्याला दोन बाक असतात. ते फिरले की फणी पुढे-मागे होते आणि धागा ठोकला जातो. खाली दुसरा शाफ्ट, तो धोटा फेकण्याची चाल देतो. वरचा दोन फेरे घेतो तेव्हा खालचा एक घेतो. धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून जायचा, म्हणून हे दोनास एक. मागाचा सगळा ठेका या प्रमाणात आहे.

मी क्रँकशाफ्ट उभा केला, किंचित पुढे झुकलेला. त्याच्या दोन बाकांमुळे एका रेषेला दोनदा श्वास घेतल्यासारखा खंड पडतो. त्याला समोरून छेदणारा खालचा शाफ्ट आडवा घेतला, एका बाजूला बराच बाहेर काढलेला. दगडात असं बाहेर झेपावणं कठीण, कारण दगड ओढला की तुटतो. पोलाद ओढ सोसतं. त्या आडव्या शाफ्टवर दोन टॅपेट, बोल्टने. मागे जाळीचा एक तुकडा. सगळ्यांमधली मोकळी जागा दोनास एक अशी ठेवली. वरच्या पोकळ्या अरुंद, खालच्या त्यांच्या दुप्पट रुंद. माग कुठेच दाखवलेला नाही. त्याचा ठेका मात्र अंतरांमध्ये आहे.

हे सांगायला सोपं आहे. करताना धातू सतत आपलं म्हणणं मांडतो. पोलाद तापलं की वाढतं. मीटरभर सळई पाचशे अंशांनी तापवली तर सुमारे सहा मिलिमीटर लांबते. वितळलेला जोड गार होताना आकसतो आणि शेजारच्या भागाला आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर काटकोनात धरलेला दांडा सकाळी वाकलेला सापडतो. म्हणून आधी नुसते टाके मारायचे, एक इकडे, एक समोर, आणि ओळंब्याने बघत पुढे जायचं. कधी वेल्ड किती ओढणार याचा अंदाज घेऊन दांडा आधीच उलट्या बाजूला थोडा कलता धरायचा. हा अंदाज शिकवता येत नाही, तो साठत जातो.

मग तोल. दहा मिलिमीटर जाडीची, एक फूट लांब-रुंद पोलादी प्लेट सात किलोच्या वर भरते. माणसाच्या उंचीचं शिल्प दोनशे किलोंच्या पुढे सहज जातं आणि ते कुणाच्या अंगावर पडू शकतं. त्याचा गुरुत्वमध्य काढायला मी ते चेनकुप्पीला टांगते. टांगलेल्या बिंदूतून ओळंबा सोडून खडूची रेघ मारायची, मग दुसऱ्या बिंदूला टांगून दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे वजनाचा मध्य. तिथून सोडलेली उभी रेघ बैठकीच्या आत चांगली खोल पडली पाहिजे. हे गणित झाल्यावरच शिल्पाला पडतंय-पडतंय असं दिसण्याची मुभा मिळते. जे बघताना धोक्याचं वाटतं, ते सगळ्यात जास्त हिशेबाने उभं असतं.

एकदा मामांनी विचारलं, “असलं आणि कोण करतं?” मी त्यांना हुलिओ गोन्झालेझची गोष्ट सांगितली. हा स्पॅनिश माणूस १९१८मध्ये पॅरिसजवळच्या रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी, १९२८मध्ये, पिकासोला लोखंडात काम करायचं होतं तेव्हा तो याच गोन्झालेझकडे गेला. त्या दोघांच्या कामाची छायाचित्रं मासिकांतून बघून अमेरिकेतल्या डेव्हिड स्मिथने वेल्डिंगची शिल्पं सुरू केली. स्मिथने तरुणपणी स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात काम केलेलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कंपनीत वेल्डर होता. १९६२मध्ये त्याला इटलीत जिनोआजवळच्या व्होल्त्री इथला एक बंद पडलेला पोलाद कारखाना मोकळा करून देण्यात आला. एक-दोन शिल्पं करावीत एवढीच अपेक्षा होती. त्याने महिन्याभरात सत्तावीस केली, कारखान्यात पडलेल्या पकडी, चाकं आणि पत्र्यांतून. उरलेला माल जहाजाने घरी नेला आणि त्यातून पुढची मालिका केली.

मामा म्हणाले, “म्हंजे आमच्यातलाच की.”

आणि खरंच तसं आहे. आपल्याकडेही हे आजचं नाही. मुंबईत पिलू पोचखानावाला (१९२३–१९८६) यांनी भंगार धातू वेल्ड करून अमूर्त शिल्पं केली. त्यांच्याच काळातले आदी दावियरवाला (१९२२–१९७५) मूळचे औषधनिर्माणाच्या क्षेत्रातले, तेही धातूच्या तुकड्यांपर्यंत पोचले. बडोद्याला राघव कनेरियांनी साठच्या दशकात हेच केलं. मुंबई, बडोदा ही कारखान्यांची शहरं. जिथे यंत्रं जुनी होतात तिथे ही कला उगवते. मग इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला ती का नसावी, हा प्रश्न मला सतत छळतो.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. सुरुवातीला मी लांबलचक उत्तरं द्यायची. आता मी त्यांना शिल्पाभोवती एक फेरी मारायला सांगते. आपल्याला अमूर्त नवीन नाही. गावच्या म्हसोबाचा, मरीआईचा शेंदूर लावलेला तांदळा कशासारखा दिसतो असं कुणी विचारत नाही. नाक-डोळे नसलेल्या त्या दगडापुढे माणूस उभा राहतो आणि त्या दगडाचं असणं त्याला पुरतं. आकारापुढे नुसतं उभं राहण्याची ही जुनी सवय आपल्याजवळ आहे. देवळाबाहेर आलो की आपण ती विसरतो, एवढंच.

इचलकरंजीत हे मागाचं शिल्प मांडलं होतं तेव्हा एक निवृत्त जॉबर आले होते. माग दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्यांनी क्रँकवर तळवा ठेवला, अंगठ्याने एक जागा चाचपली आणि म्हणाले, “हितं झिजलाय बघा. तेल कमी पडलं असणार.” मग चार पावलं मागे गेले आणि बराच वेळ पूर्ण शिल्प बघत राहिले. शेवटी म्हणाले, “ठोका हाय ह्यात.” माझ्या शिल्पावर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. दोनास एकचं ते प्रमाण मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा वेल्ड करायचा तर आधी जस्ताचा थर घासून काढा. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो. बंद पोकळ वस्तू, विशेषतः गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर, हायड्रॉलिक सिलिंडर आणि तेलाची पिंपं, यांना आच दाखवू नका. आतला वायू प्रसरण पावून ते फुटतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क हवाच. अंगावर जाड सुती कपडे, कधीच नायलॉन नाही. गळा आणि मनगटं झाकलेली, केस बांधलेले, कारण आर्कचा उजेड उन्हापेक्षा लवकर कातडी भाजतो. काच दहा-अकरा नंबरची. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही काच द्या.

गंजाबद्दलही अनेकांचा गैरसमज असतो. परदेशातली तांबूस, गंजलेली मोठमोठी शिल्पं पाहून लोक तसाच रंग मागतात. ते कॉर्टेन जातीचं पोलाद. त्यात तांबं आणि क्रोमियम थोड्या प्रमाणात असतं, त्यामुळे त्याचा गंज अंगाला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूला जपतो. आपल्या साध्या पोलादाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि आत शिरत जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर झपाट्याने. म्हणून उघड्यावरच्या कामात पाणी साचेल असा एकही खळगा मी ठेवत नाही. जिथे टाळता येत नाही तिथे खाली भोक पाडते. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून पारदर्शक लॅकर देते, आणि घरात राहणाऱ्या शिल्पाला जवसाच्या तेलाचा पातळ हात. मूळ झीज, घणाचे ठोके, जुन्या रंगाचा एखादा निळा ओरखडा ग्राइंडरने कधीच काढत नाही. त्यासाठीच तर तो तुकडा निवडलेला असतो.

आता मागणं. माग विकणाऱ्या प्रत्येक मालकाला, जुनी यंत्रं काढणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला माझी विनंती आहे. ट्रक भरण्याआधी एकदा ढिगाभोवती फिरा आणि हाताला जो तुकडा थांबवेल तो बाजूला काढा. तो कुठल्या यंत्रातला, काय काम करायचा, हे खडूने त्याच्यावर लिहून ठेवा. कला महाविद्यालयांनी मातीच्या वर्गाशेजारी एक वेल्डिंगची शेड उभारावी आणि तिथे शिकवायला उद्यमनगरातल्या, भोसरीतल्या जुन्या वेल्डरना मानाने बोलवावं. आणि ज्या गावांनी शंभर वर्षं माग चालवले, त्यांच्या पालिकांनी एखाद्या तरी चौकात त्या मागांच्याच लोखंडाचं शिल्प उभं करावं. एवढं बाजूला काढून झालं की उरलेला माल खुशाल भट्टीत जाऊ द्या.